अंगावरच्या रेघा

महानंदाचा हात चांगला, असं येडशीच्या आसपासच्या खेड्यांत कुणालाही विचारा, सांगतील. हात चांगला म्हणजे स्वयंपाकाला नव्हे हां. भाजीत मीठ तिनं कधी धड घातलं नाही, आणि तिचा नवरा माणिकप्पा हे चारचौघांत हसून सांगायचा. हात चांगला तो चितारायला. येळवशीला, म्हणजे मार्गशीर्षातल्या अमावस्येला, शेतात आंबील न्यायची असते. त्या आंबिलीचं मडकं, बिंदगं म्हणतात त्याला, आधी चुन्यानं पांढरं करायचं आणि त्यावर लाल कावेनं चितारायचं. निम्म्या गावाची बिंदगी महानंदाच्या ओट्यावर येऊन पडायची. काडी एकदा टेकवली की वळसा पुरा होईपर्यंत उचलायची नाही, आणि रेघ कुठं जाड नाही की कुठं बारीक नाही. बायका म्हणायच्या, हिच्या हातात देव आहे. ती म्हणायची, देवबिव काय न्हाय, श्वास धरून ठिवायचा, बस्स.

तर अशा या बाईच्या उजव्या छातीत गाठ निघाली. सांगायला तिनं उशीर केला. आता तुम्ही म्हणाल, अडाणीपणा. म्हणा. पण छातीतली गाठ सांगायची कुणाला आणि कोणत्या तोंडानं? नवरा दूध सोसायटीचा सचिव, सकाळ-संध्याकाळ घरात माणसांचा राबता, आणि सासू सोवळ्याओवळ्याची. गाठ लिंबाएवढी झाली तेव्हा कुठं तिनं माणिकप्पाचा हात धरून तिथं नेला. तो बिचारा गारच पडला. मग धावपळ झाली, येडशीहून अरुंद रुळांवरच्या छोट्या आगगाडीत बसून मोठ्या गावातल्या ट्रस्टच्या दवाखान्यात गेले, आणि दिवाळीच्या आधी डॉक्टरीणबाईंनी तिची उजवी छाती काढून टाकली.

टाके वाळल्यावर शेक सुरू झाला. शेक म्हणजे मशीनमधून किरण सोडायचे, उरलीसुरली रोगाची मुळं जाळायला. डॉक्टरीणबाईंनी तिला आडवं निजवलं, उजवा हात डोक्यावर घ्यायला लावला, पट्टीनं मोजलं, आणि मशीनवर काम करणाऱ्या श्रीमंतनं जांभळ्या औषधात काडी बुडवून तिच्या अंगावर चौकोन काढला. गळ्याच्या हाडाखाली दोन बोटं, मधल्या हाडापर्यंत, इकडं बगलेत एवढं, असं तो काढताना मोठ्यानं बोलायचा. रेघ इतकी वेडीवाकडी की महानंदाला पडल्या पडल्या त्याच्या हातातली काडी काढून घ्यावीशी वाटली. काढून झाल्यावर श्रीमंतनं बजावलं, "बाई, रेघेच्या आत औषध, रेघेच्या भायेर इजा. शेक संपस्तोवर हितं पाणी लावायचं न्हाय. रेघ गेली तर समदं गेलं." तो तसं सगळ्यांनाच बजावायचा, पण महानंदाच्या मनात ते शेवटचं वाक्य खिळ्यागत बसलं.

दवाखान्याच्या आवारात धर्मशाळा होती. शेक घेणाऱ्या बाया तिथंच राहायच्या. महानंदाच्या शेजारी कळंबकडची पुतळाबाई होती. ती बौद्ध समाजातली, रोजगार हमीच्या बंधाऱ्यावर माती उचलणारी, आणि तोंडानं अशी फाटकी की डॉक्टरांनाही सोडायची नाही. पहिले काही दिवस महानंदा आपला पाण्याचा तांब्या बाजूला ठेवायची. पुतळाबाईनं ते पाहिलं. मग एकदा शेकानंतर महानंदाला असा उमासा आला की उठवेना, तेव्हा पुतळाबाईनंच तिचं डोकं मांडीवर घेऊन आपल्या तांब्यातलं पाणी तिच्या तोंडाला लावलं. तांब्याचा विषय तिथं संपला.

दर गुरुवारी गावातल्या शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या एक बाई धर्मशाळेत यायच्या, कागद आणि रंग घेऊन. डॉक्टरीणबाईंनीच त्यांना बोलावलं होतं. ज्या दिवशी या बाया चित्रं काढतात त्या दिवशी चार घास जास्त खातात, असं डॉक्टरीणबाईंचं म्हणणं. सुरुवातीला बाया लाजल्या. आमी काय बालवाडीतल्या हाव का, असं पुतळाबाईनं विचारूनही घेतलं. महानंदाला कागद नको होता. कागद लई गुळगुळीत, म्हणाली, भिंत द्या. चित्राच्या बाईंनी खरंच भिंत दिली. धर्मशाळेच्या पडवीची लांबलचक भिंत, चुना आणि काव. ऑपरेशननंतर सगळ्यांचे हात आखडलेले, खांद्याच्या वर जात नव्हते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आज जिथवर हात पोचेल तिथवर काढा, उद्या त्याच्यावर एक बोट.

मग काय, भिंत भरायला लागली. महानंदानं खाली वेल धरला आणि बाकीच्या वर चढत गेल्या. पुतळाबाईनं एसटी काढली, टपावर कोंबड्यांच्या पाट्या आणि खिडकीत स्वतः. एकीनं आपली म्हैस काढली, तिला पाय पाच झाले. हसून हसून बायांच्या टाक्यांना कळा यायच्या. ज्या बाया आरशात बघत नव्हत्या, पदर घट्ट लपेटून भिंतीकडं तोंड करून निजायच्या, त्या सकाळी उठून आधी आपलं चित्र बघायला जायला लागल्या. महानंदाचा हात कानाच्या वर गेला तेव्हा पुतळाबाईनं पडवीत टाळ्या पिटल्या.

आणि येळवस आली.

ते सालच वाईट होतं. सलग दुसऱ्या वर्षी पाऊस नाही, ज्वारी गुडघ्याला लागलेली, विहिरींचे तळ दिसत होते, आणि सोसायटीतलं दूध निम्म्यावर आलं होतं. तरी येळवस ती येळवस. शनिवार-रविवार मशीन बंद असायचं, सण त्यालाच जोडून आलेला, म्हणून डॉक्टरीणबाईंनी तिला घरी जाऊ दिलं. गावातली बिंदगी ओट्यावर येऊन बसलीच होती. पण सासू, शांताक्का, म्हणाली, आधी न्हा, मग काडीला हात लाव. आजवर महानंदानं दवाखान्यात नुसतं फडक्यानं अंग पुसून गळ्यातल्या इष्टलिंगाची पूजा केली होती, आणि ते शांताक्काला कळलं होतं. ती रागावली नव्हती. टँकरच्या पाण्यातून दररोज तांब्या-तांब्या बाजूला काढून तिनं सुनेसाठी घागर साठवली होती, चुलीवर तापवली होती, आणि न्हाणीत पाट मांडून ती पदर खोचून उभी होती.

महानंदा पाटावर बसली. आता ती सांगेल, आत्याबाई, इथं पाणी नको, असं तुम्हाला वाटेल. तिलाही वाटलं होतं. शब्द ओठांपर्यंत आले होते. तेवढ्यात शांताक्कानं तिच्या अंगावरचं लुगडं बाजूला केलं, त्या कापलेल्या जागेकडं बघितलं, आणि तोंड फिरवलं नाही. दवाखान्याचे डाग लई चिकट, एवढंच पुटपुटली, आणि डाळीचं पीठ घेऊन हलक्या हातानं चोळायला लागली. जांभळं पाणी पाटावरून मोरीत चाललं. महानंदा ते बघत होती. 

दुसऱ्या दिवशी सकाळी लुगडं नेसताना तिनं खाली बघितलं. अंग लख्ख होतं. एक रेघ म्हणून राहिली नव्हती. रेघ गेली तर समदं गेलं, हे श्रीमंतचं वाक्य तिला भिंतीवरून, चुलीमागून, सगळीकडून ऐकू यायला लागलं. सांगावं कुणाला? माणिकप्पाला सांगितलं तर तो आईवर तडकेल. डॉक्टरीणबाईंना सांगितलं तर त्या हाकलून देतील, असं तिच्या मनानं घेतलं. खरं तर त्या कशाला हाकलतील? पण भ्यालेल्या माणसाचं डोकं कुठं ठिकाणावर असतं!

कोनाड्यात माणिकप्पाची शाईची पेन्सिल होती, थुंकी लावली की जांभळी उमटणारी, दुधाच्या पावत्या लिहायची. महानंदानं दाराला कडी घातली, आरसा खुंटीला टांगला आणि श्रीमंतचे शब्द आठवले. गळ्याच्या हाडाखाली दोन बोटं, मधल्या हाडापर्यंत, बगलेत एवढं. श्वास धरला. रेघ अशी आली की श्रीमंतनं जन्मात काढली नसती. मग तिला शंका आली, म्हणून तिनं मुद्दाम दोन ठिकाणी रेघ वाकडी केली, त्याच्यासारखी.

सोमवारी ती मशीनखाली निजली. श्रीमंतनं मशीनचा उजेड रेघेवर बसवला, फिकट झालंय जरा म्हणाला, आणि आपल्या काडीनं तिच्याच रेघा पुन्हा गडद करून टाकल्या. म्हणजे आता त्या दवाखान्याच्या झाल्या. महानंदाला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. ते वाटलंच नाही.

त्या दिवसापासून तिची झोप उडाली आणि तोंडाची चव गेली. कुणी नुसती हाक मारली तरी दचकायची. मनाशी घोकायची, बरोबर असंल, दोन बोटं म्हंजी दोन बोटं. पण कातडी वेगळंच सांगत होती. शेकानं आधी काळपट झालेली जागा खाली टाक्याजवळ होती, आणि नवी लाली वर चढत होती, गळ्याकडं. ती दिवसातून दहादा पदराआड बघायची. गुरुवारी चित्राच्या बाई आल्या, तर ती भिंतीपाशी नुसतीच काडी धरून उभी राहिली. बाईंनी विचारलं, हात दुखतो का? तिनं मान हलवली. बाईंनी तिचं कोपर धरून हात सावकाश वर नेला, आणि महानंदानं सहज खाली, चोळीच्या गळ्यात बघितलं. हात वर जाईल तशी रेघ वर सरकत होती. कातडीच वर ओढली जात होती.

तेव्हा तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला, आणि तो उजेड काही बरा नव्हता. श्रीमंतनं रेघ काढली होती ती हात डोक्यावर असताना. तिनं काढली ती हात खालीच असताना, आरशासमोर, उभ्यानं. बिंदगं जागचं हलत नाही. अंग हलतं. जन्मभर मडकी आणि भिंती चितारलेल्या बाईच्या हे ध्यानातच आलं नव्हतं. मशीनखाली निजलं की तिचा तो देखणा चौकोन वर सरकून बसत होता, आणि खालची पट्टी, जिथून गाठ काढली होती तीच नेमकी, उघडी राहत होती. इतके दिवस. तिनं काडी चुन्याच्या डब्यात ठेवली आणि पोटात दुखतंय म्हणून आत जाऊन निजली.

तरी ती बोलली नाही. राग येतो ना? मलाही येतो. पण आता बोलायचं म्हणजे नुसतं रेघ गेली एवढं नव्हतं, मी तुम्हाला फसवलं, हे सांगायचं होतं. आणि शांताक्काचं नाव येणार होतं. उद्या सांगू, असं ती रोज म्हणायची, आणि रोज उघड्या पट्टीसकट मशीनखाली निजायची. आतल्या आत काय वाढतंय, या विचारानं तिला दरदरून घाम फुटायचा.

शेवटी पुतळाबाईनं तिला कोंडीत धरलं. बाई घामट, त्यात गुपचूप जाऊन कुणाचं तरी धुणं धुवून आली होती. तिच्या रेघा ओघळून नुसता डाग राहिला होता. ती महानंदाला पडवीच्या कोपऱ्यात घेऊन गेली आणि हळूच म्हणाली, "श्रीमंत बोंबलंल. पुन्यांदा मोजमाप, पुन्यांदा खाडा. तुझा हात असा, तू काढून दे. कुणाच्या बापाला कळायचं न्हाय."

आणि तिनं पदर बाजूला करून, डोळे मिटून, निवांत छाती पुढं केली. हिच्या हातून वावगं होणारच नाही, असा तिचा भरवसा.

महानंदा स्वतःच्या जिवाशी खेळली होती, ते एक. या बाईनं तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं. ती मट्‌कन खाली बसली आणि तिला रडू फुटलं, इतक्या दिवसांचं. पुतळाबाईनं डोळे उघडले. महानंदानं आपली चोळी सोडली, रेघा दाखवल्या आणि म्हणाली, "ह्या दवाखान्याच्या न्हाईत. माझ्या हाईत. चुकीच्या हाईत."

पुतळाबाईला कळायला जरा वेळ लागला. कळलं तेव्हा तिनं एक सणसणीत शिवी घातली, ती मी इथं लिहीत नाही. मग दोघींचे पदर नीट केले, महानंदाचं मनगट धरलं, आणि तिला ओढतच डॉक्टरीणबाईंच्या खोलीत नेलं.

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. ओरडल्या नाहीत, आणि तेच महानंदाला जड गेलं. त्यांनी तिला निजवलं, हात डोक्यावर घ्यायला लावला, पट्टी लावली, आणि मोजमापाचा जुना कागद काढून ताडून पाहिलं. श्रीमंत भिंतीला टेकून उभा होता, त्याचा चेहरा पडला होता. त्यानं रोज त्याच रेघांवर काडी फिरवली होती. डॉक्टरीणबाई त्याला एवढंच म्हणाल्या की, रेघ गडद करायच्या आधी मोजायची असते. मग महानंदाला त्यांनी सांगितलं, खालची पट्टी सुटली आहे, तिथला शेक नव्यानं द्यावा लागेल, वरचा थांबवावा लागेल, मुक्काम वाढेल.

"त्यानं मी बरी हुईन का?" महानंदानं विचारलं.

"सांगता येत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मधे खंड पडला, तो पडायला नको होता. आपण करायचं ते सगळं करू." मग त्यांनी विचारलं, "तुम्हाला सांगितलं होतं ना, पाणी लावू नका म्हणून? सासूबाईंना नको असं का म्हणाला नाहीत?"

महानंदा छताकडं बघत होती. हात डोक्यावर, अंग उघडं, लपायला जागा नाही.

"ऑपरेशन झाल्यापासून तिथं कुणीच हात लावला नव्हता, बाई," ती म्हणाली. "पट्टी बदलायला लावायचे, मोजायला लावायचे. मालक तर अंथरूणच लांब घालतात, मला दुखंल म्हणून. आत्याबाईंनी लावला. मला तो निघायला नको हुता."

डॉक्टरीणबाईंनी श्रीमंतच्या हातून काडी घेतली आणि नव्या रेघा स्वतः काढल्या. नंतर पुतळाबाईला निजवलं आणि तिच्याही काढल्या. पुतळाबाई चक्क गप्प पडून होती.

रविवारी माणिकप्पा आणि शांताक्का आले. माणिकप्पाच्या हातात दुधाचा रिकामा कॅन होता, म्हणजे तसा तो वाटला. टेकवल्यावर त्यात पाणी डुचमळलं. सोसायटीत दूध नाही आणि कॅन रिकामेच पडलेत, म्हणून शांताक्कानं आपल्या वाटणीचं पाणी साठवून, येडशीपर्यंत बैलगाडीत आणि पुढं छोट्या गाडीत मांडीशी धरून, ते इथवर आणलं होतं. तिथं सुनेला कोण न्हाऊ घालणार, असं ती डब्यातल्या बायांना वाटभर सांगत आली, हे माणिकप्पानं सांगितलं आणि तो डॉक्टरीणबाईंना भेटायला गेला. शांताक्का लगेच चूल कुठं आहे ते शोधायला लागली.

महानंदाला वाटलं, सांगू नये. मशीन बिघडलं होतं म्हणून मुक्काम वाढला, असं म्हणावं, म्हातारीच्या जिवाला घोर नको. पण कॅन समोर होता, आणि शांताक्कानं पदर खोचलाही होता.

"आत्याबाई, पाणी नको," ती म्हणाली. "ते डाग नव्हते. त्या रेघांवरनं मशीन चालतं."

शांताक्का कॅनच्या कडीवर हात ठेवून तशीच उभी राहिली. तिला उमजत गेलं ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मुक्काम का वाढला, सून अशी का वाळली, सगळं एकाला एक जोडत गेलं. ती हळूहळू खाली बसली.

"म्हंजी म्या पुसलं व्हय," ती म्हणाली.

"तुमी न्हाय. म्या पुसू दिलं."

शांताक्कानं आपले दोन्ही हात मांडीवर उपडे ठेवले आणि त्यांच्याकडं बघत राहिली. असे, की ते तिचे नव्हेतच. आता हे हात पुन्हा कधी आपल्याकडं येणार नाहीत, असं महानंदाला वाटलं, आणि ती जेवढी मशीनखाली भ्याली नव्हती तेवढी तेव्हा भ्याली. ती सरकून सासूजवळ गेली. पडवीत बाया होत्या, तरी तिनं पदर थोडा सैल केला.

"नुस्ता हात ठिवा," ती म्हणाली. "कोरडा."

शांताक्का मान हलवत होती, नको नको म्हणत होती, कुठं लागंल, काय बिघडंल. महानंदानं तिचा हात धरला, लुगड्याला पुसला, आणि रेघांच्या खाली, शाई नव्हती तिथं, बरगडीवर नेऊन ठेवला. हात थंड होता. बऱ्याच वेळानं त्यात ऊब आली. माणिकप्पा परत आला तेव्हा दोघी तशाच बसल्या होत्या, आणि पुतळाबाईनं त्याला दारातच अडवून ठेवलं.